नानशुनहून आल्यावर

शांघाय,
१२ एप्रिल

प्रिय सुध्या,

फोटो पाठव म्हणालास. पण कालव्याकाठची इथली गावं फोटोत सगळी सारखीच: पांढऱ्या भिंती, काळी कौलं, कमानीचा पूल, लाल कंदील. त्यापेक्षा लिहितोच.

रविवारी नानशुनला जाऊन आलो. हूजौकडचं रेशमाचं गाव. जवळच्या जीली खेड्याचं रेशीम आधीच नावाजलेलं. १८४३ मध्ये शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि नानशुनचे रेशीमवाले बघता बघता गबर झाले. किती गबर, ते गावानं जनावरांत मोजलं! ४ हत्ती, ८ बैल, ७२ कुत्रे. जेवढी दौलत, तेवढं मोठं जनावर. आपल्याकडे कुणा सावकाराला कुत्रा म्हणून बघ जरा.

त्यातल्या एका हत्तीच्या नातवाचा, झांग शिमिंगचा वाडा पाहिला. पुढून अस्सल चिनी: चौकामागे चौक, कोरीव लाकूड, दगडात केळीची पानं. दारं ओलांडत मागे गेलो, तर लाल विटांचं युरोपी घर, रंगीत काचा आणि चक्क नाचाचा हॉल! रस्त्यावरून कशाचा पत्ता लागत नाही. शनिवारातल्या वाड्याच्या मागच्या चौकात कुणी गुपचूप जिमखाना बांधावा, तसं.

मी रेंगाळलो मात्र 'शंभर खोल्या' नावाच्या आळीत. मिंग काळातल्या कुणा मंत्र्यानं घरच्या दासींसाठी ती बांधली, असं सांगतात. पाण्याच्या दोन्ही काठांना घरं, प्रत्येकाची ओसरी शेजारच्या ओसरीला जोडलेली. पाऊस लागला होता, पण छत्री उघडावी लागली नाही. घराघरांमध्ये छपराहून उंच, पायऱ्यापायऱ्यांची भिंत. एकाची आग दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. माणसं अजून राहतात तिथं. एक आजी पाण्याच्या पायरीवर फडकी पिळत होत्या. मी मोबाईल वर केला तशी त्यांनी पाठ फिरवली. बरोबरच आहे रे, आपल्या मोरीत कुणी डोकावलं तर? मोबाईल खिशात गेला तो गेलाच. फोटो नाहीत याचं खरं कारण हे.

नंतर चहा प्यालो. खारट! धुरावलेले हिरवे सोयाबीनचे दाणे, तीळ, संत्र्याची साल. पहिला घोट कसाबसा गिळला, दुसरा पेला मागून घेतला. शेवटी दाणे चावून खायचे.

काकूंसाठी रेशमाच्या तंतूंची रजई घेतली आहे, मे महिन्यात घेऊन येतो. येवल्याच्या माहेरवाशिणीला रेशीम दाखवायचं म्हणजे धास्तीच वाटते. त्यांना किंमत तेवढी विचारू देऊ नकोस.

तुझा,
अन्या