बाबा, रंगपेटी पाठवते आहे

ग्लासगो

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की बाबा हल्ली संध्याकाळी घाटावरही जात नाहीत. तेव्हापासून जे मनात घोळतंय ते फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

गेल्या रविवारी रेल्वेने बॅलॉकला जाऊन आले. लोमंड सरोवराचं पाणी तिथून लीव्हन नदीत उतरतं. काठावर बोटी बांधलेल्या होत्या आणि वारा असल्यामुळे त्यांची प्रतिबिंबं सारखी मोडत होती, जुळत होती. याच काठावर जॉर्ज लेस्ली हंटर चित्रं काढायचा. बाबा, त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायचंय.

ब्यूट बेटावरच्या रॉथसे गावातला हा मुलगा, जन्म 1877 चा. वडिलांचं औषधांचं दुकान. तो शाळकरी वयात असतानाच घरातली मंडळी कॅलिफोर्नियाला गेली. पुढे आई-वडील परतले, हा मात्र सॅन फ्रान्सिस्कोत राहिला. कुणाकडे रीतसर शिकला नाही. मासिकांसाठी चित्रं काढून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम करायचं. 1906 साली पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलं. आणि एप्रिलमध्ये भूकंप झाला, मागोमाग आग लागली. त्याची सगळी चित्रं जळून गेली.

हे वाचताना मला आपली पत्र्याची ट्रंक आठवली. सांगलीतल्या 2019 च्या पुरानंतर ती उघडली तेव्हा आयर्विन पूल, हरिपूरचा संगम, घाटावरची देवळं, बाबांच्या सगळ्या चित्रांचा मिळून एक मातकट लगदा झाला होता. आई, तू एकेक कागद सोडवून गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातलास. बाबा खाली चिखल उपसत राहिले, वर आलेच नाहीत. बाबा, त्यानंतर तुमच्या हातात ब्रश मी पाहिलेला नाही. विचारलं की म्हणता, "मी कुठे शिकलोय? गेलं ते गेलं."

हंटर स्कॉटलंडला आईकडे परत आला. लगेच काही जमलं नाही. 1916 च्या सुमारास ग्लासगोचे चित्रविक्रेते अलेक्झांडर रीड यांनी त्याचं प्रदर्शन भरवलं. हे तेच रीड, ज्यांचं व्यक्तिचित्र व्हॅन गॉगने काढलंय. ते इथल्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात आहे, तुम्ही आलात की दाखवीन. मग स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या फाइफची खेडी झाली, दक्षिण फ्रान्स झालं. 1929 मध्ये त्याची तब्येत पार ढासळली आणि बहीण त्याला घरी घेऊन आली. त्यानंतर तो लोमंडच्या काठावर बसला.

तिथली चित्रं मला त्याच्या सगळ्या कामात सरस वाटतात. त्यातलं एक एडिनबरोच्या संग्रहालयात आहे. तरंगती घरं आणि खाली त्यांची प्रतिबिंबं. जवळ गेलं तर नुसते रंगाचे मोकळे फटकारे, कुठे काय आहे कळत नाही. चार पावलं मागे सरकलं की पाणी हलायला लागतं! बाबा, तुमच्या संगमाच्या चित्रात दोन पाण्यांचे रंग जिथे मिसळायचे, तिथे तुम्ही असंच करायचात. तेव्हा मला वाटायचं, बाबांनी तेवढी जागा अर्धवट सोडलीय.

1931 मध्ये फ्रेंच सरकारने त्याचं लोमंडचं एक चित्र विकत घेतलं. त्याच डिसेंबरमध्ये तो गेला, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी. आगीनंतर त्याला पंचवीस वर्षं मिळाली होती.

जलरंगांची पेटी, तीन ब्रश आणि जाड कागदाची वही पाठवली आहे. बाबा, पहिलं चित्र संगमाचं काढा. शिकलात की नाही, ते मला विचारू नका. तुमचा हात मला माहीत आहे.

आणि आई, वही या वेळी वरच्या खोलीत ठेव, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर.

तुमची,
लेक