चि. समीरला : रिमोटवरच्या एका फोनबद्दल

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तुम्ही येथे असताना घडलेली एक लहानशी गोष्ट मी तुला त्या वेळी सांगितली नाही. दुपारी तू झोपला होतास आणि तुझी मनू झोपाळ्यावर बसून, टीव्हीचा रिमोट कानाला लावून, कोणाला तरी झापत होती : "ऐकू येतं का तुम्हाला? मग पैसे कशाचे घेता?" बोलून झाल्यावर तिने अंगठ्याने बटण दाबले आणि रिमोट उशीवर भिरकावला. तुझी आई हसली. मला हसू आले नाही, कारण आदल्या दिवशी गॅरेजवाल्याशी तू याच शब्दांत बोलला होतास, आणि तुझ्याकडे ते माझ्याकडून आलेले आहे.

बी.एड.ला आम्हाला अल्बर्ट बांडुरा हे मानसशास्त्रज्ञ अभ्यासाला होते. त्यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेतील ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने, लाथांनी बडवले, आणि पुढे त्या मुलांना तसाच बाहुला मिळाल्यावर त्यांच्यातील अनेकांनी तेच प्रकार, तोंडच्या शब्दांसकट, करून दाखवले. परीक्षेपुरते हे मी पाठ केले आणि विसरलो. मला आज आठवतो तो मात्र त्यांचा १९६५ चा प्रयोग. त्यात मारणाऱ्या माणसाला शिक्षा झाल्याचे ज्यांनी फिल्ममध्ये पाहिले, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण "त्याने काय केले ते करून दाखवा, खाऊ मिळेल" असे म्हटल्याबरोबर त्यांनाही ते इतरांइतकेच येत होते. म्हणजे शिक्षेच्या भीतीने करणे थांबले होते, शिकणे आधीच होऊन गेले होते.

तू सात वर्षांचा असताना उशिरा आलेल्या गवळ्याला दारातच "पैसे कशाचे घेता?" म्हणून विचारलेस, तेव्हा मी तुझ्या थोबाडीत दिली होती. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस होता तो. त्यानंतर या घरात तू तसे कधी बोलला नाहीस आणि मी इतकी वर्षे त्याचे श्रेय त्या थोबाडीत मारण्याला देत आलो. तुला मारताना मी ओरडलो होतो तो आवाज कोणता होता, याचा मात्र विचार केला नाही.

लहानपणी मी मामांच्या गुऱ्हाळावर जात असे. तेथला गूळ शिजवणारा गुळव्या कोणाला काही शिकवायचा नाही. चुलवाणात चिपाड सारणारी पोरे रस आटवायच्या मोठ्या कढईकडे, काहिलीकडे, डोळे लावून बसत. मळी कधी काढायची, उकळीचा रंग कधी पालटतो, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी कशी वळते, हे सगळे ती नुसते बघत. बघितलेले ध्यानात राहिले तरी हाताला यायला कित्येक हंगाम जात, आणि मधल्या काळात एखादी काहील करपली तर शिव्या खाव्या लागत. (शिव्या तेवढ्या पहिल्याच हंगामात तोंडपाठ होत.) हाताचे कौशल्य लागत नाही ते माणूस किती झटपट उचलतो! मनूला एक दिवस पुरला.

तिला रागावू नकोस, एवढेच सांगायला हे लिहिले. रागावण्याचा प्रयोग मी करून बसलो आहे. नाताळच्या सुट्टीत तिला घेऊन चार दिवस ये. गुऱ्हाळे सुरू झाली आहेत, काकवी तिला आवडेल. न्हाणीघरातला नळ दिवाळीपासून गळतो आहे आणि प्लंबर दोनदा येतो म्हणून आलेला नाही. मी खाली बादली ठेवली आहे. त्याला तिसरा फोन मी मनू आल्यावर करणार आहे, ती शेजारी बसलेली असताना. आणि तोपर्यंत रोज सकाळी फिरताना, रंकाळ्याच्या काठाने, त्याला काय आणि कसे म्हणायचे याची तयारी करतो आहे.

तुझे,
बाबा