तीन नंबरच्या मशीनबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तीन नंबरच्या सीएनसीवरचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवरचे) काका शिफ्टला १९० च्या टार्गेटऐवजी १२५ च नग देतात, वर रिजेक्शनही (बाद नग) त्यांचंच जास्त, आणि साहेब म्हणतात ‘तूच बघ त्यांच्याकडे’, असं तू फोनवर सांगितलंस. सुपरवायझर झाल्यावर अशी वेळ तुझ्यावर पहिल्यांदाच आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या १९० चा हिशोब कर. लोडिंग-अनलोडिंग धरून सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, अडीच मिनिटं. शिफ्टच्या ४८० मिनिटांना अडीचने भागलं की १९२ येतात. कुणीतरी एवढंच करून बोर्डावर आकडा चढवलेला दिसतो. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० मिनिटं गेली की उरतात ४३०. फर्स्ट पीस (पहिला नग) पास करून घेणं, इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलणं, मापं घेणं, शेवटी मशीन पुसणं यांना आणखी ३० धर. राहिलेल्या ४०० मिनिटांत १६० नग होतात. कुणालाच न गाठता येणाऱ्या आकड्यावरून एकाच माणसाला बोल लावणं हा अन्याय आहे, आणि तो सगळी शिफ्ट बघत असते. काकांची खरी तूट ३५ नगांची, म्हणजे जवळजवळ दीड तासाची. हा दीड तास कुठे जातो ते सापडेपर्यंत ‘कामचुकार’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नकोस.

तो शोधायला स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभी राहा, पण त्यांना सांगून. चोरून वेळ मोजलीस तर पुढे ते कधीच खरं बोलणार नाहीत. सलग दहा नगांचं लोडिंग मोज. कटिंगचा वेळ प्रोग्रॅम ठरवतो, माणसाचा फरक लोडिंगमध्ये आणि थांबण्यात पडतो. मशीन थांबलं की कारण आणि मिनिटं लिहायची: टूल रूममधून इन्सर्ट आला नाही, गेज (माप तपासायचं साधन) दुसऱ्या मशीनवर होता, हवेचा दाब कमी म्हणून जॉमधली (नग धरणाऱ्या जबड्यातली) चिप, म्हणजे धातूचा कीस, उडेना. चार-पाच दिवसांच्या नोंदीत यातलंच जास्त निघालं, तर ते निस्तरणं तुझं काम आहे, त्यांचं नाही.

रिजेक्शनकडे वेगळं बघ. इन्सर्ट झिजत जातो तसा बाहेरचा व्यास वाढत जातो आणि बोअर (आतलं भोक) लहान होतो. नगांची मापं क्रमाने लिहिलीस आणि ती एकाच बाजूला सरकताना दिसली, तर ऑफसेट (झिजेपुरती मशीनमध्ये करायची दुरुस्ती) वेळेवर दिला जात नाही, आणि तो शिकवता येतो. मापं वर-खाली कशीही पडत असतील तर जॉ, क्लॅम्पिंग किंवा मोजणं तपास. एकच नग त्यांना आणि दुसऱ्या ऑपरेटरला तीन-तीनदा मोजायला दे. चाळिशीनंतर मायक्रोमीटरवरच्या बारीक रेषा दिसेनाशा होतात आणि ते कबूल करायला माणूस लाजतो. तसं असेल तर चष्मा आणि डिजिटल मायक्रोमीटर एवढ्यावर प्रश्न सुटतो.

मग बोल. मशीनवर, चारचौघांत नको. बाजूला बसून, पंधरा मिनिटं. ‘जरा लक्ष द्या’ म्हणून काही होत नाही. ‘काका, गेल्या आठवड्यात सरासरी १२५ आले, या नोंदी बघा, तुम्हाला काय अडतंय?’ एवढं विचार आणि गप्प बस. उत्तर यायला वेळ लागतो. ठरेल ते दोघांसमोर लिही: दोन आठवड्यांत १४५, चार आठवड्यांत १६०, ऑफसेट शिकवायला कोण, कधी. शिकवणाऱ्याचं त्या दिवसांचं टार्गेट कमी कर, नाहीतर तो टाळाटाळ करेल आणि दोष काकांवर येईल. पहिला आठवडा रोज पाच मिनिटं आकडे बघायला जा. इथेच बहुतेक सुपरवायझर ढिले पडतात आणि महिनाअखेरीला एकदम ओरडतात.

त्यांचे नग चांगल्या ऑपरेटरकडून भरून काढायची सवय तर मुळीच लावू नकोस. चांगला माणूस त्याने आधी कंटाळतो.

एवढं करूनही तू समोर असताना १६० आणि पाठ वळली की १२०, असं दिसत राहिलं, तर प्रश्न इच्छेचा आहे. तेव्हा कच खाऊ नकोस, पण एचआरला विचारल्याशिवाय कागदही देऊ नकोस. मेमोत तारीख, शिफ्ट, जॉब, नगसंख्या आणि आधी झालेलं बोलणं एवढंच यावं, स्वभावाबद्दल एक शब्द नको. ते कायम कामगार आहेत. मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये (कामगारांच्या नोकरीच्या नमुना नियमांत) वारंवारचा हलगर्जीपणा गैरवर्तनात मोडतो, काम न जमणं मोडत नाही. म्हणून खुलासा, आरोपपत्र, चौकशी हे टप्पे गाळून काढलेला माणूस कोर्टातून परत येऊ शकतो, आणि तेव्हा तुझी रोजची वहीच तपासली जाते.

सोमवारी साहेबांशी आधी १६० च्या आकड्याबद्दल बोल. हिशोब कागदावर मांडून ने. थांब्यांच्या नोंदी शनिवारी मला पाठव, दोघं मिळून बघू.

तुझे,
बाबा