न्यू गार्डनहून न्यू गार्डनला

वेन काउंटी, इंडियाना
दहाव्या महिन्याची १३ तारीख, १८२२

प्रिय आई आणि बाबा,

हे पत्र सोडवून घ्यायला तुम्हाला टपाल कचेरीत २५ सेंट मोजावे लागतील आणि कागद दोन झाले तर त्याच्या दुप्पट, म्हणून सारे एकाच कागदावर बारीक अक्षरात लिहीत आहे. आईने डोळ्यांना ताण देऊ नये, ताईकडून वाचून घ्यावे.

सांगायला जड जाते तेच आधी सांगतो. दोन वर्षे राहून पाहतो आणि परत येतो, असे मी उत्तर कॅरोलिनाहून निघताना म्हणालो होतो. वर्षच झाले आहे, आणि आम्ही इथेच राहायचे ठरवले आहे. गेल्या महिन्यात ८० एकरांचे १०० डॉलर सरकारी कचेरीत रोख भरले. आमचा सभासदत्वाचा दाखला आपल्या क्वेकर पंथाच्या इकडच्या मासिक सभेकडे पाठवावा, असा अर्जही लिहून ठेवला आहे, पण तो पुढच्या टपालाने पाठवीन. सभेत तो वाचला जाईपर्यंत तुम्हाला काही ठाऊक नाही, असे मला होऊ द्यायचे नव्हते.

बाबा, ओढ्यापलीकडचे शेत तुम्ही माझ्यासाठी राखले आहे, हे मी जाणतो. ते अपुरे वाटले म्हणून मी गेलो, असे कृपा करून मनात आणू नका. स्वस्त जमिनीचा मोह मुळीच नव्हता असे म्हणालो तर ते खोटे होईल, आणि खोटे बोलायची सवय तुम्ही आम्हाला लावलेली नाही. पण कोठारातल्या त्या रात्री गुलामाच्या शोधात दारात आलेल्या माणसांपुढे तुम्ही गप्प उभे राहिलात, तेव्हा मी माळ्यावर जागाच होतो. सभेतले प्रार्थनेचे मौन वेगळे आणि ते मौन वेगळे, हे मला नवव्या वर्षी कळले. तुम्ही चुकलात असे मी म्हणत नाही. तुमच्या जागी मला तेवढेही जमले नसते. लेव्ही आणि वेस्टल कॉफिन यांनी गुलामांना वाचायला शिकवण्यासाठी काढलेली शाळा मालकांनी बंद पाडली, तेव्हाच माझे मन उठले. आपल्यातल्या कोणी एखाद्याला मोकळे केले तरी तिकडचा कायदा त्याला पुन्हा पकडून विकू देतो. ओहायो नदीच्या उत्तरेला १७८७ पासून गुलामगिरीला मनाई आहे आणि या राज्याच्या १८१६ च्या घटनेतही ती कायम आहे. माझ्या मुलांना तुमच्यासारखे गप्प उभे राहण्याची वेळ येऊ नये, एवढेच मला हवे होते.

इथे सारे निर्मळ आहे असे मात्र समजू नका. लष्करी कवायतीला गेले नाही तर त्याच्या बदल्यात इथेही पैसे मागतात. आणि आमची जमीन कोणाची, हे बाबा विचारणारच. १८०९ च्या करारात सरकारने मायामी, डेलावेअर आणि पोटावाटोमी लोकांकडून घेतलेल्या बारा मैलांच्या पट्ट्यात ती येते. ओढ्याकाठच्या एल्मच्या खोडावर साल काढल्याची रुंद जखम आहे, कडांनी भरत आलेली, आमची कुऱ्हाड इथे येण्याच्या फार आधीची. ते झाड मी तोडलेले नाही. याहून अधिक उत्तर माझ्यापाशी नाही.

आई, घर ओंडक्यांचे असले तरी ऊबदार आहे. फटी चिखलाने लिंपल्या आहेत आणि चूल चांगली ओढते. मोठी झाडे तोडत बसत नाही. सालीचे कडे काढून त्यांना उभ्याउभ्या वाळू देतो आणि मधल्या जागेत मका व भोपळे लावतो. शिशिर सरला की मेपलच्या रसाची साखर होते, तुझ्या मधाइतकी गोड नाही, पण तुझ्या नातवाची तक्रार नाही. उन्हाळ्यात मला हिवताप येऊन गेला, आता पूर्ण बरा आहे. तुमच्या सुनेने तुझ्यासारखीच तापलेली वीट फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवली होती. दाट रानात चरणाऱ्या गाईंच्या दुधाने माणसे दगावतात असे शेजारी सांगतात, म्हणून आमची गाय मोकळ्या कुरणातच बांधतो. तेव्हा त्याची काळजी नको.

आम्ही एकटेही नाही. सभेचे नावसुद्धा न्यू गार्डनच आहे, निम्मे चेहरे तिकडचे आहेत, आणि गेल्या वर्षापासून रिचमंडला इंडियानाची स्वतंत्र वार्षिक सभा भरते. पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, सभेत बाकावर बसलो की हटकून आठवते: मला डुलकी लागली की बाबा माझ्याकडे न पाहता समोरच्या बाकाच्या कडेवर आपला तळहात ठेवायचे, म्हणजे माझे कपाळ लाकडावर आपटू नये. परवा धाकटा पेंगला तेव्हा माझा हात आपोआप तिथे गेला.

आता माझे ऐका. बाबांनी या हिवाळ्यात लाकडे फोडायची नाहीत. खोकला गेला असे तुम्ही लिहिलेत, ताईने तसे लिहिलेले नाही. कोठाराचे छप्पर दाजींनी पाहावे आणि त्यांच्यावर ओरडू नये. आईने रात्री मेणबत्तीपाशी शिवण धरू नये. इकडे याल का, हे मी आज विचारत नाही. कनाव्हाच्या खोऱ्यातून यायला आम्हाला सदतीस दिवस लागले होते, आणि ब्लू रिजच्या उतारावर गाडीचे चाक धरून मी तुमचाच विचार करत होतो. एक खोली मात्र पुढच्या वर्षी वाढवणार आहे, पूर्वेच्या उन्हाची.

वसंतात तिकडून जी कुटुंबे निघतील त्यांच्याबरोबर विहिरीजवळच्या सफरचंदाच्या कलमकाड्या पाठवा. हिवाळ्याच्या अखेरीस, कळ्या फुटण्याआधी काढाव्या आणि ओल्या शेवाळात गुंडाळाव्या. काड्या वरच्या फांद्यांच्या हव्यात, पण बाबा, शिडीवर तुम्ही चढायचे नाही, दाजींना चढवा. तुम्ही खाली उभे राहून कोणती फांदी ते दाखवा.

तुमचा मुलगा