‘फसलं तर काय?’ हे आधी विचारणाऱ्यास

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) दुरुस्तीवर, म्हणजे पॅचवर, आहेच, ज्याला हवं तो शोधेल. पण तुम्ही केलेलं काम गिटच्या (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीच्या) इतिहासात मोजक्या ओळींचं दिसतं आणि त्या ओळींमागे काय होतं ते कुणाला दिसत नाही, म्हणून हे पत्र जाहीर लिहितेय.

आमच्या यंत्रावरची मेमरी हळूहळू संपायची. टॉप (चालू प्रोग्रॅमची, म्हणजे प्रोसेसची, यादी) उघडून बघावं तर एकही प्रोसेस फुगलेली नाही. शेवटी मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलर जागा व्हायचा आणि डेटाबेस मारून टाकायचा, कारण सगळ्यात जास्त मेमरी त्याच्याकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी! आम्ही बरेच दिवस त्या संन्याशाचीच झडती घेत होतो. तुम्ही पहिल्याच उत्तरात एवढंच विचारलंत, ‘मेमइन्फोमधला एसअनरिक्लेम वाढतोय का?’ (म्हणजे मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फाइलमधला, कर्नलच्या परत न घेता येणाऱ्या मेमरीचा आकडा.) वाढत होता. मग ती मेमरी कुठे जातेय ते दाखवणारा स्लॅबटॉप चालवायला सांगितलंत, तिथे केमॅलॉक-१के ही (एक किलोबाइटपर्यंतच्या तुकड्यांची) रांग न थांबता वर चढत होती. गळती कर्नलमध्ये आहे हे तिथेच ठरलं. प्रोसेस मेली की तिची मेमरी परत मिळते, पण कर्नलने स्वतःसाठी घेतलेला आणि हरवलेला तुकडा रिबूटशिवाय परत येत नाही. आमचा प्रोग्रॅम बंद करूनही आकडा खाली का येत नव्हता, याचं उत्तर हेच.

केमेमलीक हा कर्नलचाच गळती-शोधक मी आधी फक्त ऐकून होते. सुटत चाललेल्या तुकड्यांचा माग काढायला तो कर्नलची मेमरी डीफॉल्टने दर १० मिनिटांनी चाळतो आणि ज्या तुकड्याकडे बोट दाखवणारा एकही पॉइंटर सापडत नाही त्याला ‘बेवारस’ ठरवतो. आमच्या यादीत एकाच युएसबी ड्रायव्हरचं (उपकरण चालवणाऱ्या कोडचं) राइट फंक्शन पुन्हा पुन्हा येत होतं. पण तुम्ही तेव्हाच बजावलंत की हा बॅकट्रेस (मागणी कुठल्या फंक्शनांमधून आली ती साखळी) तुकडा जन्मला कुठे ते सांगतो, हरवला कुठे ते नाही. हे वाक्य मी मॉनिटरला चिकटवून ठेवलंय. (खरंच. पिवळ्या कागदावर.)

हरवला कुठे, हे तुम्ही कोड वाचून काढलंत. फंक्शन साधं दिसत होतं. बफर (डेटा ठेवायची जागा) घ्यायचा, युआरबी (युएसबीला द्यायच्या कामाची चिठ्ठी) घ्यायचा, तो सबमिट करायचा, आणि काम झालं की कम्प्लीशन हँडलर दोन्ही मोकळं करणार. वरून खाली वाचलं की सगळं ठीक. तुम्ही प्रत्येक ओळीवर थांबून ‘हे फसलं तर?’ असं विचारत वाचता. सबमिट करतानाच चूक परत आली तर तो युआरबी कधी पूर्णच होत नाही, म्हणजे हँडलर धावत नाही, म्हणजे मोकळं करणारं कुणी उरत नाही. ड्रायव्हर तिथे सरळ रिटर्न करत होता. आमच्याकडे उपकरणाची केबल सैल होती. उपकरण निसटलं तरी प्रोग्रॅमकडे फाइल उघडीच, तो लिहीत राहायचा, दर वेळी ईनोडेव्ह (‘असं उपकरणच नाही’ ही चूक) मिळायचा आणि दर वेळी एक बफर आणि एक युआरबी वाऱ्यावर जायचे. इतर कुणाला ही गळती वर्षानुवर्षं दिसली नसेल, कारण त्यांची केबल घट्ट होती.

त्यावर इलाज सोपा होता. गोटू (फसल्यावर थेट सफाईच्या जागी उडी), एक लेबल, दोन ओळी. खरे आभार मला त्याच फाइलमधल्या दुसऱ्या जागेबद्दल मानायचे आहेत. डिव्हाइस रजिस्टर (उपकरणाची कर्नलकडे नोंद करणारं फंक्शन) फसल्यावर तिथे केफ्री (तुकडा थेट मोकळा करणं) लिहिलेलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, व्वा, इथे तरी काळजी घेतलीय. तुम्ही म्हणालात, हे गळतीपेक्षा वाईट. डिव्हाइस रजिस्टरला हात लावला की तुकड्याची मालकी रेफरन्स काउंटकडे (तुकडा किती जणांनी धरलाय त्या मोजणीकडे) जाते, कॉल फसला तरीही. त्यानंतर पुट डिव्हाइसच करायचं, म्हणजे आपला रेफरन्स सोडायचा, आणि शेवटचा रेफरन्स सुटला की रिलीज फंक्शन मोकळं करेल. थेट केफ्री केलं तर डिव्हाइसच्या नावासाठी घेतलेली मेमरी तशीच राहते, आणि दुसऱ्या कुणी रेफरन्स धरून ठेवला असेल तर तो मोकळ्या झालेल्या जागेत लिहितो. त्या फंक्शनच्या डोक्यावरच्या टिप्पणीतही हेच बजावलेलं आहे. पण टिप्पण्या वाचतो कोण?

गळती मशीन सावकाश मारते, चुकीचा केफ्री तिला कधीही आणि कुठेही मारतो, शिवाय सुरक्षेचं भोक पाडतो ते वेगळंच. एरर पाथ (काही फसल्यावरचा परतीचा रस्ता) दुरुस्त करताना केफ्री टाकायची घाई करणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं, असं माझं मत झालंय. त्या क्षणी हा तुकडा कोणाचा आहे, हे कळल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

तपासणीही तुम्ही मला शिकवलीत, नुसता पॅच देऊन मोकळे झाला नाहीत. फेल-एन्थ या (मेमरीची मागणी मुद्दाम फसवणाऱ्या) फाइलमध्ये आकडा लिहायचा, मग सिसएफएसमधल्या (कर्नलच्या फाइलरूपी खिडकीतल्या) बाइंड फाइलमधून ड्रायव्हर जोडायचा, की तितक्याव्या क्रमांकाची मागणी मुद्दाम फसते. १, मग २, मग ३, असं करत प्रोबच्या (ड्रायव्हर जोडताना चालणाऱ्या फंक्शनच्या) प्रत्येक मेमरी मागणीनंतरचा परतीचा रस्ता चालून बघायचा आणि मागोमाग केमेमलीक स्कॅन. सुरुवातीला काहीच फसेना, तेव्हा तुम्ही कळवलंत की फेलस्लॅबचा (मागण्या फसवणाऱ्या त्याच सोयीचा) इग्नोर-जीएफपी-वेट हा पर्याय मुळात ‘वाय’ असतो, तो ‘एन’ करा, नाहीतर झोपू शकणाऱ्या, म्हणजे मेमरीसाठी थांबू शकणाऱ्या, मागण्यांना तो हातच लावत नाही. हे कुठल्याही घाईच्या माणसाने मला सांगितलं नसतं.

एक वाद आपला झाला होता, आठवत असेल. २०२३ मध्ये कर्नलच्या ६.५ आवृत्तीत क्लीनअप डॉट एच हे हेडर आलं. स्कोप (कंसांमधला कोडचा भाग) संपला की तुकडा आपोआप मोकळा. मग आख्खं फंक्शन त्या पद्धतीने का लिहू नये, असा माझा हट्ट. तुमचं म्हणणं, एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि आपोआपची सफाई मिसळायची नाही, आणि ही दुरुस्ती जुन्या स्टेबल शाखांत (फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्त्यांत) जायची आहे, तिथे ते हेडर असेलच असं नाही. दुरुस्ती आधी, रंगरंगोटी नंतर वेगळ्या पॅचमध्ये. मला तेव्हा हे कंजूषपणाचं वाटलं. तो पॅच जुन्या शाखांवर जराही न अडखळता बसला तेव्हा पटलं.

आणि फिक्सेस टॅग, म्हणजे पॅच कुठली चूक सुधारतो ते सांगणारी ओळ! मूळ कमिटच्या (चूक आणणाऱ्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे ओळखखुणेची, पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक शोधण्यात तुम्ही जो वेळ घातलात, त्यामुळेच कुठल्या शाखेला हा पॅच हवा ते शाखा सांभाळणाऱ्यांना कळलं. रिपोर्टेड-बाय (चूक कुणी कळवली) आणि टेस्टेड-बाय (पॅच कुणी तपासला) या दोन्ही ओळींत माझं नाव तुम्ही न विचारता घातलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

आमच्या यंत्रावर एसअनरिक्लेम आता सपाट आहे, केबल मुद्दाम सैल ठेवूनही. त्याच ड्रायव्हरच्या रिझ्यूम (झोपेतून जागं होतानाच्या) फंक्शनमध्ये पुन्हा सबमिट करणारी एक जागा आहे, तिथे फसल्यावर काय होतं ते मी सध्या वाचतेय. त्या बफरची मालकी कोणाकडे आहे हे नक्की झालं की पॅच तुमच्याकडे रिव्ह्यूला पाठवते.

आपली कृतज्ञ,
सैल केबलवाली