चिऊच्या संध्याकाळी

प्रिय आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर चिऊचं रडणं ऐकून तू म्हणालीस, "दूध पुरत नसेल गं तिला, वरचं सुरू कर." तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय, असं बाबा म्हणाले. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दूध पुरतंय. दिवसाकाठी सात-आठ लंगोट ओले होतात. सहाव्या आठवड्याच्या लसींना नेलं तेव्हा वजनही केलं. या वयात आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढावं लागतं, तेवढं वाढतंय. हे रडणं भुकेचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडं चढत जातं, दीड महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक उतरतं. त्यातही जोर संध्याकाळीच. तू फोन करतेस ती साडेसातची वेळ म्हणजे नेमकी तीच! आपली आजी तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळायची, म्हणजे तिच्याही मांडीवरची बाळं याच वेळेला किरकिरत असणार. आम्ही दिवे मंद करतो, निखिल तिला हातावर पालथी घेऊन फेऱ्या मारतो. कधी लगेच शांत होते, कधी तासभर नाही. ताप आला किंवा प्यायचीच बंद झाली, तर मात्र आम्ही वाट बघत बसणार नाही, एवढा भरवसा ठेव.

आणि बाबा, तिला आता रात्र कळायला लागलीय. पहिला महिना दिवस काय नि रात्र काय, सगळं सारखंच होतं. झोप आणणारं मेलाटोनिन बाळाच्या शरीरात ठरल्या वेळी तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रात्रीच्या दुधातून ते आईकडून मिळतं. हे कळल्यापासून रात्री दोनला उठायचं मला जड जात नाही. तेव्हा मी तिच्याशी बोलत नाही, मोठा दिवा लावत नाही. पाजते, ढेकर काढते आणि उताणी निजवते. सकाळी मात्र पडदे सारून तिला उजेडात घेऊन बसते. हल्ली पहिली झोप सलग चार तासांची होते.

सगळ्यात गोड वेळ अंघोळीनंतरची. मावशी तिला दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे देतात. तिला अजून वीतभरावरचंच नीट दिसतं, म्हणून तोंड अगदी जवळ न्यायचं. आधी पाय झाडायचे थांबतात, मग भुवया वर जातात, आणि मग हसते. झोपेतलं नव्हे, माझ्याकडे बघून! वर "अं-गूं" करून उत्तरही देते.

आई, गुटीचं सामान नीट ठेवलंय, पण सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मध तर वर्षाची होईपर्यंत नाहीच. रागावू नकोस. अळिवाचे लाडू संपत आलेत, ते मात्र पाठव.

तर यापुढे फोन संध्याकाळी नको, सकाळी साडेनऊला करा. बाबा, तुम्हीही बोला तिच्याशी, आईच्या मागे उभे राहू नका. आवाजाच्या दिशेने बघायला लागलीय ती. आणि गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका. बारशाला जिने चढायचेत.

तुमची,
ताई