अनुभव पाहिजे म्हणताय, पण तो मिळायचा कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या जाहिरातींचं पान मी सवयीनं वाचते आणि तिथं एकच ओळ फिरून फिरून दिसते. ऑफिस असिस्टंट पाहिजे, एमएससीआयटी टायपिंग टॅली आवश्यक, अनुभवी उमेदवारांना प्राधान्य, आणि खाली बारीक अक्षरात फ्रेशर्सनी फोन करू नये. आता फ्रेशरनं फोनच करायचा नाही म्हटल्यावर त्याला अनुभव यायचा कुठनं, हे जाहिरातवाल्याला विचारणार कोण? मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याचं ऑफिस सांभाळते, त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजू रोज बघते, म्हणून हे लिहितेय. पत्र जरा लांबलंय, कापायचं तर सुरुवातीचं कापा, मधलं कापू नका.

मुलाखतीला येणाऱ्या पोरापोरींच्या फायलीत सर्टिफिकेटं भरपूर असतात. एमएससीआयटी असतं, टायपिंग मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४० असतं, एखादीनं आयटीआयचं कोपा, म्हणजे कॉम्प्युटरचा कोर्स, केलेलं असतं. कॉमर्सवाल्यांनी बारावीला एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलेला असतो, म्हणजे शेअरहोल्डरला, डिबेंचरहोल्डरला (कंपनीला कर्जाऊ पैसे देणाऱ्याला) पत्र कसं लिहायचं हे त्यांनी पाठ करून मार्क मिळवलेले असतात. पण आमच्या जिल्ह्यात डिबेंचरहोल्डरला पत्र लिहायची वेळ कितीजणांवर येते हो? वेळ येते ती ट्रान्सपोर्टवाल्याला, की बाबा तुझ्या गाडीतनं दोन बॉक्स कमी उतरलेत, पावतीवर तसं लिहून दे. ते चार ओळीचं पत्र सांगितलं की पोरगी पेन धरून बसते. तिला येत नाही असं नाही, तिला कधी कुणी करायलाच लावलेलं नाही, एवढंच आहे.

तर मुद्दा असा की आमच्या ओळखीतल्या एका क्लासवाल्या सरांनी विश्रामबागेत रविवारी सकाळी खोटं ऑफिस चालू केलंय. खोटं म्हणजे खोटंच. कंपनी खोटी, माल खोटा, साहेब खोटा (साहेब म्हणून एक रिटायर हेडक्लार्क काका बसतात, ते मात्र शंभर टक्के खरे आहेत). पोरं सकाळी आली की हजेरीला सही करतात आणि आपापल्या टेबलावर जातात, कुणी आवक-जावक, कुणी खरेदी, कुणी बिलं, कुणी फोन, आणि पुढच्या रविवारी टेबलं बदलतात. मी अधनंमधनं जाते, कधी चिडलेला पुरवठादार होते, कधी मुंबईहून फोन करणारं गिऱ्हाईक.

कामं कशी असतात ते सांगते, कारण खरी मजा तिथंच आहे. साहेबांचा व्हॉट्सअॅप येतो, "उद्या पुण्याचे तिघे येणार आहेत, बघून घ्या." बस, एवढंच. पहिल्यांदा सगळी पोरं ओके सर लिहून अंगठा टाकतात आणि गप्प बसतात. तासाभरानं काका विचारतात, मग काय बघितलं? कोण तिघे, किती वाजता, रेल्वेनं का गाडीनं, सांगलीला उतरणार का मिरजेला, जेवणार का, मुक्काम आहे का, त्यांना भेटायला आपल्याकडचं कोण पाहिजे, त्यातला कोण उद्या रजेवर आहे, काहीच विचारलेलं नसतं. दोन-तीन रविवार गेले की तीच पोरं कागदावर आधी प्रश्न काढतात आणि साहेबांना एकाच मेसेजमध्ये सगळे विचारतात, दहा वेळा सर सर करत नाहीत. हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे? पण ऑफिसात अर्धा दिवस याच्यावरच जातो.

दुसरं काम बिलाचं. एक पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, एक चलन म्हणजे मालाबरोबर आलेली पावती, आणि एक बिल असे तीन कागद हातात देतात. पीओवर कागदाची ४० रिमं, चलनावर स्टोअरवाल्याची सही ३८ वर, बिल आलंय ४० चं, आणि दरात पण पन्नास पैशाचा फरक. बिल पास करायचं का नाही? गेल्या वेळी एकानं सरळ पास केलं, एकानं सरळ परत पाठवलं, आणि एक मुलगी होती तिनं आधी स्टोअरला फोन लावला की दोन रिमं नंतर आलीत काय, मग पुरवठादाराला दोन ओळीची मेल टाकली की ३८ चं बिल द्या नाहीतर दोन रिमांचे पैसे वजा केल्याची क्रेडिट नोट द्या, आणि तोपर्यंत बिलावर पेन्सिलनं थांबवले असं लिहून तारीख टाकून वेगळ्या फायलीला लावलं. काकांनी तोंडानं कौतुक केलं नाही, पण त्या दिवसाचा चहा तिला पहिला दिला.

आणि सापळे लावलेले असतात बरं का. सत्तर हजाराचा माल कराडला जाणाराय, ई-वे बिल (माल गाडीतनं नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं का? नाही लागत, राज्यातल्या राज्यात आपल्याकडं लाखाची मर्यादा आहे. तोच सत्तर हजाराचा माल कागवाडला जाणाराय, लागतं का? लागतं, कारण म्हैसाळ ओलांडून गेलं की कर्नाटक, आणि राज्याबाहेर मर्यादा पन्नास हजार. मिरजेच्या माणसाला कागवाड म्हणजे शेजारचं गाव वाटतं, पोरं हमखास तिथंच फसतात. तसंच तारखांचं. टीडीएस (कापून घेतलेला इन्कम टॅक्स) पुढच्या महिन्याच्या ७ ला, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्यांना ११ ला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, जीएसटीचंच ३बी विवरणपत्र २० ला, हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायला लावतात, आणि मार्चचा टीडीएस कुणी ७ एप्रिलला मांडला की काका नुसतं बोट ठेवतात, कारण मार्चच्या टीडीएसला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. हे एकदा बोट ठेवून कळलं की जन्मात विसरत नाही माणूस, पीडीएफ वाचून विसरतोच.

सरकारी नोकरीची तयारी करणारी पोरं बरीच येतात, तर त्यांच्यासाठी महिन्यातनं एकदा खोटं सरकारी ऑफिस असतं. टेबलावर कागदांचा ढीग ओततात आणि सहा गठ्ठे करायला लावतात. चालू प्रलंबित प्रकरणं एकीकडं, ज्याचं उत्तर दुसऱ्या ऑफिसकडनं यायचंय ते प्रतीक्षाधीन एकीकडं, दर महिन्याची-तिमाहीची विवरणपत्रं वेगळी, शासन निर्णय परिपत्रकांची स्थायी आदेश संचिका वेगळी, अभिलेख कक्षात धाडायचं वेगळं, आणि नाश करायचे ड वर्गाचे कागद वेगळे. परीक्षेत सहा गठ्ठे पद्धत म्हणजे काय असा प्रश्न आला तर ही पोरं धडाधडा लिहितील, पण ढीग समोर पडल्यावर एक कागद हातात धरून हा कुठल्या गठ्ठ्यात याच्यावर दोघांची भांडणं लागतात, आणि भांडण लागतं म्हणजे डोकं चालतंय. मग मधेच माहिती अधिकाराचा एक अर्ज येतो, आणि तो मुद्दाम चुकीच्या ऑफिसात आलेला असतो, ऑफिस तहसीलचं आणि प्रश्न महानगरपालिकेच्या पाण्याचा. पोरांना तीस दिवस पाठ असतात, पण आपला नसलेला अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य ऑफिसला वर्ग करून अर्जदाराला तसं कळवायचं असतं हे निम्म्यांना ठाऊक नसतं, आमच्याकडचा नाही म्हणून परत लावून देतात. म्हणजे खऱ्या ऑफिसात आपण जे भोगतो तेच, पण इथं काका अर्जदार होऊन खुर्ची ओढून समोर बसतात आणि कायदा दाखवतात.

सगळ्यात अवघड काय जातं म्हणाल तर फोन. इन्स्टावर दणादण रील टाकणारी पोरं फोन वाजला की एकमेकांकडं बघतात. उचलला तर हॅलो म्हणून गप्प, कोण बोलतंय विचारत नाहीत, नंबर घेत नाहीत, आणि साहेबांना निरोप काय, तर "सर कुणाचा तरी फोन आलता". मी गिऱ्हाईक होऊन फोनवर मुद्दाम तोडून बोलते, मधे हिंदी घुसवते, आवाज चढवते. एक पोरगं घामाघूम झालं पण शेवटी म्हणालं, मॅडम तुमचं म्हणणं मी लिहून घेतलंय, एकदा वाचून दाखवू का? मी पुढं काय बोलायचं तेच विसरले.

आता कुणी म्हणेल याला खोटं ऑफिस कशाला, खऱ्या ऑफिसात पाठवा की. पाठवतात की. नवीन शैक्षणिक धोरणात कॉलेजला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं, आलंय, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, त्यात बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरवलं, चांगलीच गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही. पण खऱ्या ऑफिसात शिकाऊ पोराला काय मिळतं हे आपण सगळेच जाणतो, झेरॉक्स आणि फायली वर-खाली करणं. त्यात ऑफिसवाल्यांचा सगळा दोष नाही. मी स्वतः नवीन मुलाच्या हातात आरटीजीएसचा, म्हणजे बँकेतनं पैसे पाठवायचा, फॉर्म देत नाही, अकाउंट नंबरचा एक आकडा चुकला तर मालक मला धरणार, त्याला नाही. जिथं चूक परवडत नाही तिथं शिकणाऱ्याला काम मिळत नाही, आणि काम मिळत नाही म्हणून तो शिकत नाही. आपल्याकडं पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडायचे, पाणी खरंच असायचं, फक्त बुडायची सोय नसायची, तशातली ही गत आहे. खोट्या ऑफिसात दोन लाख चुकीच्या खात्यात गेले तरी काय बिघडतंय, उलट ते परत कसे मागायचे, बँकेला काय लिहायचं, कुणाला आधी सांगायचं, हे तिथंच शिकता येतं.

कल्पना काही आमच्या सरांची नाही. इन-बास्केट म्हणून प्रकार अमेरिकेच्या हवाई दलासाठी १९५० च्या दशकातच तयार झालता, टेबलावरच्या ट्रेमध्ये पत्रं, निरोप, तक्रारी ठेवायच्या आणि माणूस कशाला आधी हात घालतो ते बघायचं. ऑस्ट्रियात व्यापारी शाळांत मुलं सराव कंपन्या चालवतात, एका शाळेची खोटी कंपनी दुसऱ्या शाळेच्या खोट्या कंपनीला माल विकते, बिल पाठवते. आता ऑनलाइन पण फुकट मिळतात असल्या गोष्टी, फोरेजसारख्या साइटवर. पण त्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या आणि इंग्रजीत, आणि मुख्य म्हणजे तिथं मध्येच कुणी येऊन "ते आधी ठेवा, हे अर्जंट करा" म्हणत नाही. आमच्याकडं म्हणतात. अकरा वाजता काम दिलं की सव्वाअकराला दुसरं देतात, आणि साडेअकराला पहिल्याचं काय झालं विचारतात.

एक भीती मात्र आहे, ती लिहितेच. हे जरा चाललं की कुणीतरी याचा पॅक करणार, ऑफिस अॅडमिन सिम्युलेशन म्हणून, चाळीस तास, पंधरा हजार फी, शेवटी ए बी सी डी पर्याय आणि चकचकीत सर्टिफिकेट. मग संपलंच. ज्या कामाचं उत्तर छापून ठेवलेलं असतं ते काम नसतंच, ती परत परीक्षाच झाली. आमच्या सरांना पण मी बोलले की कामं दर वेळी बदला, कारण जुनी बॅच नवीन बॅचला उत्तरं व्हॉट्सअॅप करते, करणारच, पोरं हुशार आहेत. सध्या तिथं सर्टिफिकेट देत नाहीत. त्याऐवजी पोरगं मुलाखतीला स्वतः केलेलं काम घेऊन जातं, एक इतिवृत्त, एक पत्रव्यवहाराची फाईल, एक्सेलमधलं उधारीचं शीट, मेल मर्जनं (मजकूर एक, नावं वेगवेगळी) काढलेल्या नोटिसा. माझ्यासमोर अशी फाईल आली तर मी सर्टिफिकेटाकडं बघत पण नाही, इतिवृत्त वाचते. मीटिंगमध्ये काय ठरलं, कोण करणार आणि कधीपर्यंत हे तीन त्यात सापडलं की मला पुरतं. त्या शीटची फाईल "फायनल नवीन २ साहेबांचं" अशा नावानं सेव्ह केलेली नसली तर आणखीनच बरं.

संपादक साहेब, आपल्या सांगली मिरजेत रिटायर माणसांना तोटा नाही. जिल्हा परिषद, पाटबंधारे, एसटी, बँका, साखर कारखाने, सगळीकडचे हेडक्लार्क, लेखापाल, टायपिस्ट घरी आहेत आणि सकाळी फिरून आल्यावर दिवसभर काय करायचं हा प्रश्न आहे असं त्यांच्याच घरचे सांगतात. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्या पुस्तकात नाही. टिपणी कुठं संपवायची, साहेब चिडलेले असताना फाईल कधी न्यायची, नाही हे पत्रात कसं लिहायचं. कॉलेजांनी रविवारी एक कॉम्प्युटर लॅब आणि दोन वर्ग उघडून दिले, लेटरहेड छापून दिलं, तर एवढ्यात भागतं, याला अनुदान नको आणि उद्घाटन तर मुळीच नको. एमआयडीसीतल्या मालक लोकांनी फक्त जुने कागद द्यावेत, नावं आणि आकडे खोडून. खऱ्या गोंधळाची बिलं आम्हाला घरी बसून बनवता येत नाहीत, कितीही डोकं लावलं तरी ती जरा जास्तच सरळ होतात.

सध्या आमच्याकडं तीन गोष्टींची नड आहे. एक बिनकामाचा लँडलाइन इंटरकॉम, थोडी कोरी राहिलेली जुनी आवक-जावक रजिस्टरं, आणि फोनवर मनापासून भांडणारी दोन-तीन माणसं. भांडायला पगार नाही, चहा मिळेल. कुणाची तयारी असेल तर आपल्या ऑफिसात चिठ्ठी ठेवावी, मी येऊन घेऊन जाईन, तेवढं आपण ठेवून घ्याल ही विनंती.

आपली,
एक वाचक, कुपवाड, जि. सांगली